सुई टाकल्याच्या खुणा : तळघरातल्या 338 तबकड्यांच्या प्रकल्प नोंदी

4 जानेवारी 2025, शनिवार

मार्चअखेर मिनिॲपोलिसमधले हे घर सोडून आम्हाला लहान जागेत जायचे आहे आणि तिथे तबकड्यांसाठी एकच भिंत मोकळी आहे. हे नक्की झाल्यावर बेसमेंटमधल्या संग्रहाचा प्रश्न आणखी पुढे ढकलण्यात अर्थ उरला नाही. आज दोघांनी मिळून मोजदाद केली. 338 एलपी, म्हणजे मोठ्या बारा इंची तबकड्या, आणि 52 सात इंची तबकड्या भरल्या. शिवाय बुटांच्या एका खोक्यात 14 कॅसेट निघाल्या, ज्या या हिशेबात धरलेल्याच नव्हत्या. नव्या मांडणीच्या चार खणांत दाटीवाटीने अडीचशे एलपी मावतील. म्हणजे नव्वदच्या आसपास तबकड्या घराबाहेर जायला हव्यात.

संग्रह मुळात दोन ठिकाणचा आहे. नवरा 1988 साली पुण्याहून मिनेसोटा विद्यापीठात शिकायला आला. मी 1992 साली साताऱ्याहून विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला आले. त्या काळात लोक एलपी विकून सीडी घेत होते, आणि जुन्या मालाच्या दुकानांत आर.ई.एम., पिक्सीज, हुस्कर डू या अमेरिकी रॉक बँडच्या तबकड्या दोन-तीन डॉलरना पडून असत. आमच्या मुलीला वाटते तशी यामागे आमची कोणतीही उच्च अभिरुची नव्हती. सीडी पंधरा डॉलरला होती आणि आम्ही दोघेही विद्यापीठाच्या तुटपुंज्या वेतनावर जगत होतो, एवढेच त्याचे कारण. शिवाय एसएसटी, ट्विन/टोन, सब पॉप, टच अँड गो, मॅटाडोर या लहान कंपन्यांनी मोठ्या कंपन्यांसारखी एलपीकडे पाठ फिरवली नव्हती, त्यामुळे अल्टरनेटिव्ह रॉक ऐकणाऱ्याला नवी तबकडीही मिळू शकत असे. लग्न 1996 साली झाले आणि दोन्ही कपाटे एक झाली.

5 जानेवारी, रविवार

कार्यपद्धती ठरवण्यात अख्खी सकाळ गेली, कारण कोणती तबकडी ठेवायची हे आठवणीवरून ठरवायचे असे नवऱ्याचे म्हणणे होते आणि आमच्या आठवणींवर माझा विश्वास नाही. गेली पंचवीस वर्षे आम्ही पाहुण्यांना त्याच चार-पाच अल्बमची नावे सांगत आलो आहोत, आणि सांगून सांगून ती खरी वाटू लागली आहेत. अखेर असे ठरले की प्रत्येक तबकडी आधी टेबलावरच्या दिव्याखाली तिरपी धरून पाहायची, मग धुवायची, मग निदान एक बाजू पूर्ण ऐकायची, आणि त्यानंतरच निर्णय वहीत लिहायचा.

दिव्याखाली दोन गोष्टी पाहायच्या आहेत. पहिली म्हणजे खाचांची झीज : पुष्कळ वाजलेल्या तबकडीचा काळा रंग आपली चकाकी सोडून राखाडी होतो, आणि एखादेच गाणे जास्त वाजले असेल तर तेवढाच पट्टा मळकट दिसतो. दुसरी म्हणजे लेबलवरच्या रेघा. तबकडी ठेवताना टर्नटेबलचा मधला खुंटा भोक सापडेपर्यंत लेबलच्या कागदावर घासला जातो आणि भोकाभोवती केसासारखे ओरखडे उठतात. ज्या बाजूवर असे ओरखडे दाट, ती बाजू खरोखर वाजलेली. हा पुरावा कोणाच्या सांगण्यावर अवलंबून नसतो.

11 जानेवारी, शनिवार

काम थांबले आहे. मिनेसोटाच्या हिवाळ्यात घर तापवले की हवा इतकी कोरडी होते की आज आर्द्रतामापक 17 टक्के दाखवत होता. पाकिटातून बाहेर काढलेली प्रत्येक तबकडी चरचर आवाज करत स्थिर विजेने भारली जात होती आणि खोलीतली सगळी धूळ स्वतःकडे ओढून घेत होती. धुऊन स्वच्छ केलेली तबकडी दहा मिनिटांत पुन्हा फटफट वाजू लागली. खोलीत वाफेचे यंत्र आणून ठेवले आहे. आर्द्रता 40 टक्क्यांवर आल्याशिवाय पुढे जायचे नाही. साताऱ्याला आईच्या कपाटात पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी यायची म्हणून आम्ही कडुनिंबाचा पाला ठेवत असू. इथे ओलावा विकत आणून खोलीत सोडावा लागतो आहे.

धुण्याचे मिश्रण : ऊर्ध्वपातित पाणी, त्यात थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि ओलेपणा पसरवणाऱ्या द्रवाचे दोन थेंब. मखमली गादीने खाचांच्या दिशेने गोल फिरवायचे, आडवे कधीही घासायचे नाही. मूळ कागदी पाकिटे कागदाचा भुगा सोडतात, म्हणून धुतलेली तबकडी नव्या पॉलिथिनच्या पाकिटात घालायची. बाहेरची जुनी पीव्हीसीची आवरणे मात्र सगळी फेकून द्यायची, कारण वर्षानुवर्षांच्या संपर्काने ती तबकडीवर धुरकट थर सोडतात. आमच्याकडच्या अशा 6 तबकड्यांवरचा थर धुऊनही गेला नाही.

12 जानेवारी, रविवार

आज दोन तबकड्या शेजारी ठेवून पाहिल्या आणि आमच्या कौटुंबिक इतिहासाला पहिला तडा गेला.

पहिली हुस्कर डूची ‘झेन आर्केड’, 1984 सालची, दोन तबकड्यांची. ही जुळ्या शहरांतल्या, म्हणजे मिनिॲपोलिस-सेंट पॉलच्या, तीन पोरांनी कॅलिफोर्नियात जाऊन ध्वनिमुद्रित केली. तेवीस गाणी, मुद्रण आणि मिश्रण धरून सुमारे 85 तास, आणि बहुतेक गाणी पहिल्याच खेपेत घेतलेली, ही माहिती नवरा प्रत्येक नव्या पाहुण्याला तोंडपाठ ऐकवतो. आमच्या घरातला सर्वांत महत्त्वाचा अल्बम कोणता, याचे उत्तर आम्ही कायम हेच देत आलो. दिव्याखाली धरल्यावर दुसरी आणि चौथी बाजू जवळजवळ कोरी निघाली. चौथ्या बाजूच्या लेबलवर मला एकूण तीन ओरखडे दिसले.

दुसरी आर.ई.एम.ची ‘ग्रीन’, 1988 सालची, जिचे नाव हिरवे आणि मुखपृष्ठ नारिंगी आहे. जॉर्जियामधल्या अथेन्सचा हा बँड आय.आर.एस. ही लहान कंपनी सोडून वॉर्नर या बड्या कंपनीकडे गेला, तो या अल्बमपासून. त्यामुळे आमच्या ओळखीच्या जाणकार मंडळींत ‘ग्रीन’चे नाव काढले की भुवया वर जात, आणि आमच्याही जात. तिच्या दोन बाजूंना ‘एअर’ आणि ‘मेटल’ अशी नावे दिली आहेत. पैकी ‘एअर’ बाजूच्या लेबलवर भोकाभोवती ओरखड्यांचे अक्षरशः जाळे झाले आहे, आणि तिसऱ्या गाण्याचा पट्टा बाकीच्या गाण्यांपेक्षा स्पष्टपणे राखाडी पडला आहे. ते गाणे ‘यू आर द एव्हरीथिंग’. सुरुवातीला रातकिडे किरकिरतात आणि मग मँडोलिन येते. ऐकताना असे आढळले की रातकिड्यांच्या किरकिरीत, आणि तिच्या आधीच्या कोऱ्या पट्ट्यातही, बारीक टकटक आहे, आणि ती ओरखड्यासारखी दर फेरीला नियमित येत नाही.

“कोण ऐकायचं हे एवढं?” असे मी विचारले.

“तू,” असे तो म्हणाला.

मी नाही. मॅडिसनला माझ्याकडे ‘ग्रीन’ नव्हतीच. वहीत प्रश्नचिन्ह घालून ठेवले आहे.

18 जानेवारी, शनिवार

आर्द्रता 41 टक्के. कामाला वेग आला. आज 31 तबकड्या झाल्या. त्यातल्या बहुतेकांबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

निर्वाणा या बँडच्या ‘नेव्हरमाइंड’च्या वेळी मात्र थांबले. निर्वाणाने एप्रिल 1990 मध्ये मॅडिसनच्या स्मार्ट स्टुडिओत निर्माता बुच विगबरोबर काही गाणी मुद्रित केली होती. पुढे 1991 साली कॅलिफोर्नियात अल्बम नव्याने झाला, तरी ‘पॉली’ हे गाणे मॅडिसनचेच ठेवले गेले. मी मॅडिसनला पोहोचले तेव्हा ही गोष्ट तिथला प्रत्येक विद्यार्थी स्वतःच्या घरात घडल्यासारखी सांगत असे. एलपीवर ‘पॉली’ पहिल्या बाजूच्या अगदी शेवटी, म्हणजे लेबलजवळ आहे. तबकडी मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर खाच सरकते आणि लेबलजवळ जेमतेम 21. तेवढ्याच सेकंदाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबला गेल्याने बाजूच्या शेवटी असलेली मोठ्या आवाजाची गाणी फाटल्यासारखी वाजतात. मुख्यतः एक गिटार आणि दबका आवाज असलेले ‘पॉली’ तिथे शोभते. आमची प्रत तीस वर्षांनीही तिथे स्वच्छ वाजली.

20 जानेवारी, सोमवार, सुट्टी

बाहेर उणे 20 सेल्सिअसच्या खाली. दिवसभर फक्त लो.

लो हा डलूथचा बँड, म्हणजे इथून उत्तरेला अडीच तासांवरच्या सुपीरियर सरोवराकाठच्या गावचा. ॲलन स्पारहॉक गिटारवर, त्याची बायको मिमी पार्कर ड्रमवर, आणि दोघांचे स्वर एकमेकांत मिसळलेले. मिमी उभी राहून वाजवायची, आणि वाजवायला पुढ्यात जेमतेम दोन-तीन वाद्ये असायची. 1994 साली, जेव्हा सगळे जग ग्रंजच्या, म्हणजे निर्वाणासारख्या बँडच्या रॉकच्या, गोंगाटात होते, तेव्हा यांनी पहिला अल्बम इतका संथ आणि हळू काढला की श्रोते गप्प झाले. आम्ही त्यांना मिनिॲपोलिसच्या सेव्हन्थ स्ट्रीट एंट्री या छोट्या क्लबात पाहिले होते. तिथे बाटलीच्या बुचाचा आवाजही ऐकू येत होता आणि बुच उघडणारा माणूस ओशाळत होता, एवढे मला पक्के आठवते, आणि ही आठवण तपासण्याचे साधन माझ्याकडे नाही.

तांत्रिक दृष्टीने ही सर्वांत अवघड कसोटी आहे. पिक्सीज किंवा डायनासोर ज्युनियरच्या गडगडाटात फटफट आवाज बुडून जातो. लोच्या तबकडीत तो तिसऱ्या वाद्यासारखा पुढे येतो. 2001 सालचा ‘थिंग्ज वुई लॉस्ट इन द फायर’ तीन वेळा धुवावा लागला. तिसऱ्या वेळी दोन शब्दांमधला मिमीचा श्वास ऐकू आला. ती 2022 च्या नोव्हेंबरमध्ये गेली. नवरा वर जाऊन चहा करून घेऊन आला आणि आम्ही उरलेली बाजू ऐकली.

लोची एकही तबकडी बाहेर जाणार नाही. झिजेचा पुरावा इथे लागू करायचा नाही, असे मीच वहीत लिहिले आणि स्वतःचाच नियम मोडल्याची सही केली.

1 फेब्रुवारी, शनिवार

प्रश्नचिन्हाचे उत्तर मिळाले. ते तबकड्यांत नव्हते, बुटांच्या खोक्यात होते.

1993 ते 1996 या काळात मी मॅडिसनला आणि तो मिनिॲपोलिसला. अंतर सुमारे 430 किलोमीटर. महिन्यातून दोनदा मी माझ्या जुन्या गाडीतून आय-94 महामार्गाने यायची, आणि त्या गाडीत फक्त कॅसेट वाजत असे. नव्वद मिनिटांची एक कॅसेट सव्वाचार तासांत जवळजवळ तीनदा ऐकून होई. वाटेतल्या टोमा गावाला आय-90 आणि आय-94 वेगळे होतात; एकदा कॅसेट उलटण्याच्या नादात मी चुकीच्या फाट्याने ला क्रॉसच्या दिशेला बरीच पुढे गेले होते. त्या कॅसेट तो तबकड्यांवरून भरून देत असे. खोक्यातल्या चौदापैकी अकरांवर त्याचे देवनागरी अक्षर आहे, निळ्या शाईत, गाण्यांची नावेसुद्धा देवनागरीत : “यू आर द एव्हरीथिंग – ३.४१”. मिनिटे-सेकंद लिहिलेले, कारण बाजू पंचेचाळीस मिनिटांत नेमकी संपायला हवी असे.

एखादे मधलेच गाणे कॅसेटवर घ्यायचे तर सुई हाताने दोन गाण्यांमधल्या अरुंद कोऱ्या पट्ट्यावर टाकावी लागते. एका प्रयत्नात ती जमत नाही. आधीच्या गाण्याचे शेपूट येते, किंवा पुढच्याचे डोके कापले जाते, आणि मग पुन्हा उचलून पुन्हा टाकावी लागते. दर वेळी सुईचे टोक तिथे एक सूक्ष्म खड्डा पाडते. ‘ग्रीन’वरची टकटक ही त्या खड्ड्यांची आहे. ते गाणे अकरापैकी चार कॅसेटवर आहे. चार कॅसेट, प्रत्येकी पाच-सहा प्रयत्न, आणि त्याआधी गाणे ऐकून घड्याळ लावून मोजणे, म्हणजे राखाडी पट्ट्याचाही हिशेब लागला.

तो “तू” असे म्हणाला होता, त्यात तथ्य होते असे म्हणावे लागेल. मी ती तबकडी कधी हातात धरली नव्हती, एवढेच.

2 फेब्रुवारी, रविवार

सगळ्या कॅसेटवरची यादी वहीत उतरवून काढली आणि त्यातली गाणी ज्या तबकड्यांवर आहेत त्या पुन्हा काढून तपासल्या. एकूण 63 वेगवेगळी गाणी. 58 ठिकाणी गाण्याच्या आधी टकटक सापडली. उरलेली पाच बाजूच्या पहिल्या गाण्याची आहेत, आणि बाजूच्या सुरुवातीची सुईची खूण तशीही काही सिद्ध करत नाही. सोनिक यूथची ‘डेड्रीम नेशन’, मुखपृष्ठावर गेरहार्ट रिख्टरने रंगवलेली मेणबत्ती असलेली ती 1988 सालची दुहेरी तबकडी, जवळजवळ कोरीच आहे. तिची गाणी लांब, कॅसेटवर परवडत नसत.

8 फेब्रुवारी, शनिवार

कंटाळवाणा दिवस. 2014 च्या वसंतात बर्फ वितळून बेसमेंटमध्ये पाणी शिरले होते आणि पाणी उपसणारा पंप नेमका तेव्हाच बंद पडला होता. सर्वांत खालच्या ओळीतल्या 19 तबकड्यांची पुठ्ठ्याची आवरणे फुगून शिवणीत उसवली आहेत. तबकड्यांना स्वतःला काही झालेले नाही, प्लास्टिकला पाण्याचे भय नसते. भय उष्णतेचे असते : गरम पाण्याच्या टाकीशेजारी आडवी रचून ठेवलेली चळत वाकली आणि त्यातल्या 7 तबकड्यांवर सुई बोटीसारखी वरखाली होते. ती चळत तिथे कोणी ठेवली यावर चर्चा झाली. नोंद करण्यासारखे त्यातून काही निष्पन्न झाले नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

‘रिड ऑफ मी’ आणि ‘इन यूटेरो’ एकापाठोपाठ ऐकल्या. पी. जे. हार्वीचा अल्बम डिसेंबर 1992 मध्ये आणि निर्वाणाचा फेब्रुवारी 1993 मध्ये, दोन्ही एकाच ठिकाणी मुद्रित झाले : इथून तासाभराच्या आत असलेल्या कॅनन फॉल्स गावाबाहेरच्या जंगलातल्या पॅकिडर्म स्टुडिओत, दोन्ही वेळा ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीच्या हाताखाली. अल्बिनीला ‘निर्माता’ म्हणवून घेणे आवडत नसे आणि तो विक्रीतला वाटा न घेता ठरलेले मानधन घेई. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात तो गेला. निर्वाणाने स्टुडिओ खोट्या नावाने राखून ठेवला होता, त्यामुळे ते इतक्या जवळ दोन आठवडे राहून गेले तरी आम्हाला कळले नाही.

एका आडवाटेच्या खोलीत माइक कुठे ठेवला यावरून ड्रमचा आवाज किती बदलतो, हे या दोन तबकड्या सलग ऐकल्यावर समजते. ड्रम ऐकू येतात ते खोलीसकट. दोन्ही ठेवायच्या.

22 फेब्रुवारी, शनिवार

रिप्लेसमेंट्सची ‘लेट इट बी’, 1984, ट्विन/टोन. मुखपृष्ठावर बँडमधल्या स्टिन्सन भावांच्या घराच्या छपरावर बसलेली चार पोरे. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्याआधी, ‘आन्सरिंग मशीन’आधी, सुईच्या इतक्या खुणा आहेत की कोरा पट्टा नुसत्या डोळ्यांना पांढुरका दिसतो. हे गाणे अकरापैकी एकाही कॅसेटवर नाही.

मी यादी दोनदा तपासली आणि मग वही घेऊन वर गेले.

“हे कोणासाठी भरत होतास?”

तो वहीकडे बघत राहिला आणि मग हसू लागला. 1990 साली तो राहत असलेल्या चार विद्यार्थ्यांच्या घरात त्यांनी पहिले आन्सरिंग मशीन, म्हणजे फोन कोणी उचलला नाही तर निरोप टिपून ठेवणारे यंत्र, आणले, आणि त्याच्या स्वागताच्या निरोपात हे गाणे घालायचे असा बेत त्यानेच काढला. मशीनचा माइक स्पीकरसमोर धरायचा, एकाने बटण दाबायचे, दुसऱ्याने सुई टाकायची. एक संपूर्ण रविवार त्यात गेला. पुढच्या महिन्यात सासऱ्यांनी पुण्याहून, बाजीराव रस्त्यावरच्या बूथमध्ये तास-दीड तास रांग लावून, आयएसडी फोन केला. त्यांना एकट्या गिटारचा खणखणाट आणि कोणाचे तरी ओरडणे ऐकू आले, आणि मीटरवरचा आकडा पळताना पाहून त्यांनी फोन ठेवला. तीन आठवड्यांनी चांगले जाड विमानी पाकीट आले. त्यात लिहिले होते की तुझ्या फोनच्या तारेत काहीतरी बिघाड दिसतो, तरी कंपनीकडे लेखी तक्रार करावी व पोच घ्यावी.

हे पत्र मला लग्नानंतर सासूबाईंनी सांगितलेले ठाऊक होते. गाणे कोणते होते, हे मात्र आज कळले.

9 मार्च, रविवार

निवड पूर्ण. ठेवायच्या 246, जायच्या 92. जाणाऱ्यांत ‘झेन आर्केड’ असावी असे वहीचा पुरावा सांगत होता. नवऱ्याने त्याला हरकत घेतली आणि मी फार ताणले नाही, कारण तिची पहिली आणि तिसरी बाजू खरोखर वाजलेली आहे. गेल्या दहा वर्षांत घेतलेल्या नव्या, जाड, 180 ग्रॅमच्या पुनर्मुद्रित प्रती मात्र जवळजवळ सगळ्या गेल्या. त्यांचा आवाज निर्दोष आहे, लेबलांवर एखाद-दुसराच ओरखडा आहे, आणि जुन्या मालाच्या दुकानदाराने त्यांनाच सर्वांत चांगला भाव दिला. आमच्या झिजलेल्या ‘ग्रीन’ला त्याने एक डॉलर देऊ केला. ती विकायला नेलेलीच नव्हती, चुकून गठ्ठ्यात आली होती.

16 मार्च, रविवार

खोकी भरून चिकटपट्टी लावून तयार आहेत. प्रत्येकात साठाहून अधिक नाही, कारण त्यापुढे एकट्याने उचलवत नाही. तबकड्या उभ्या, बाजूला पुठ्ठ्याची पाचर.

कॅसेट ऐकायच्या राहिल्या. डेक चालू केला तर मोटर फिरते, पण चाके हलत नाहीत. आत पाहिल्यावर रबरी पट्ट्याचा काळा चिकट डांबरासारखा गोळा झालेला दिसला. कापसाच्या काडीने आणि अल्कोहोलने कप्पी पुसून काढली, दोऱ्याने पट्ट्याचा घेर मोजला आणि नवा मागवला आहे. डेक खोक्यात भरलेला नाही. तो गाडीत माझ्या पायाशी ठेवायचा आहे.